अळीकाकांच्या अळ्या मरत नाहीत

"एकही नाही?"

"तीन मेल्यात, सर."

"तीसपैकी तीन?"

"हो. आणि त्यातली एक बहुतेक नुसती झोपलीये."

विभागप्रमुखांनी काचेची बशी नाकाजवळ नेली. बशीत सत्तावीस अळ्या गुटगुटीत, दुधाळ रंगाच्या आणि कमालीच्या आनंदात एकमेकींच्या अंगावरून फिरत होत्या. कालपासून त्यांच्या अंगात जो जिवाणू टोचून ठेवला होता, तो भल्याभल्यांना रुग्णालयात महिनामहिना झोपवून ठेवणारा होता. अळ्यांना त्याची गंधवार्ता नव्हती.

"बोट लावून बघितलं?"

"बोट लावलं की चिडतात, सर," संशोधन करणाऱ्या ताई म्हणाल्या.

दारात अळीकाका भुशाचा डबा घेऊन उभे होते. एकतीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी प्राणी मेले म्हणून पुष्कळ बोलणी खाल्ली होती. मेले नाहीत म्हणून होणारी आरडाओरड ते पहिल्यांदाच ऐकत होते.

गोष्ट तशी सरळ होती. ताईंनी एक औषध तयार केलं होतं. तीस अळ्यांना जिवाणू टोचायचा आणि औषध द्यायचं. दुसऱ्या तीस अळ्यांना नुसता जिवाणू. पहिल्या जगल्या आणि दुसऱ्या मेल्या, की औषध चाललं. पण गेल्या दोन महिन्यांत, एखादा आठवडा सोडला तर, औषध घेतलेल्याही जगत होत्या आणि न घेतलेल्याही. त्यामुळे औषध रामबाण आहे की नळाचं पाणी, हे ठरवायला काही मार्गच उरला नव्हता.

"जिवाणूच मेलेला असेल," सर म्हणाले.

"दुसऱ्या बशीत वाढवून पाहिला, सर. माजलाय नुसता."

"सुई?"

"नवी कोरी."

मग घरात कपबशी फुटल्यावर सगळ्यांच्या नजरा जशा एकाच माणसाकडे वळतात, तसे सर दाराकडे वळले.

"काका, तुम्ही यांना खायला काय घालता?"

"लिहून दिलंय तेच. भुसा, मध, ग्लिसरीन, वर थोडं मेण."

"मध कुठला?"

"चांगला."

"चांगला म्हणजे कसा?"

"मी चाखून घेतो."

सरांनी डोळे मिटले. ताईंनी बशीत पाहिलं. बशीतल्या अळ्यांनी मात्र काकांच्या निवडीला मूक पाठिंबा दिल्यासारखं चालणं सुरूच ठेवलं.

काका या इमारतीत लागले तेव्हा ते सशांना सांभाळायचे आणि त्यांना ससेकाका म्हणत. मग सशांवर प्रयोग करायला इतक्या परवानग्या लागू लागल्या की ससे परवडेनात. काका उंदीरकाका झाले. मग उंदरांचेही फॉर्म सशांइतकेच जाड झाले. अळ्यांना मात्र कुणाचीच परवानगी लागत नाही, कारण अळीचं काय झालं म्हणून विचारायला कुणी येत नाही. अशा तऱ्हेनं आठ वर्षांपूर्वी काका अळीकाका झाले. दर बढतीला प्राणी लहान होत गेला. पुढच्या बढतीला आपल्याला जिवाणू सांभाळायला देतील आणि ते दिसायला चष्मा बदलावा लागेल, असा त्यांचा अंदाज होता.

पण काम ते जीव लावून करत. मधमाश्यांच्या पोळ्यातलं मेण खाणाऱ्या या अळ्या एका करड्या पतंगाच्या. काकांच्या खोलीत जुन्या बरण्यांत पतंग अंडी घालायचे, अंड्यांतून केसाएवढ्या अळ्या निघायच्या आणि पाच-सहा आठवड्यांत बोटाच्या पेराएवढ्या व्हायच्या. कुठली बरणी कधी भरली, कुणी कात टाकली, कुठल्या बरणीत माल कमी खाल्ला गेला, प्रयोगात किती मेल्या, सगळं काका एका रजिस्टरात लिहीत. ते रजिस्टर आजवर कुणीही मागितलं नव्हतं. त्यामुळे त्यातलं अक्षर फार सुरेख होतं.

त्या दुपारी ताई खोलीत येऊन स्टुलावर बसल्या. ताई काकांच्या धाकट्या मुलीहूनही लहान होत्या, पण काका त्यांना अहोजाहो करत.

"काका, मला एक सांगा. तुम्ही खरंच मधाशिवाय दुसरं काही घालत नाही ना?"

"ताई, मी स्वतः जेवतो त्यात काय असतं ते मला माहीत नसतं. पण यांच्या डब्यात काय असतं ते झोपेतही सांगेन."

ताई हसल्या. त्यांनी आणलेल्या बशीत मेलेल्या तीन अळ्या होत्या. एक डांबरासारखी काळी.

"सडायला लागलीये," काका म्हणाले. "टाकून देतो."

"सडलेली नाही ती. लढलेली आहे."

"म्हणजे?"

"अळीच्या अंगात आपल्यासारखं लाल रक्त नसतं. पिवळसर पाणी असतं. त्यात पेशी फिरत असतात. बाहेरचा जिवाणू घुसला की काही पेशी त्याला गिळतात. फार असले तर सगळ्या मिळून घेराव घालतात, गोळा होऊन चिकटतात. मग त्या गोळ्याभोवती काळा रंग तयार होतो. आपल्या केसांत असतो ना, तसलाच. त्या रंगात शत्रूला जिवंत गाडायचं. तोवर तिच्या अंगातली चरबी जिवाणूंना भोकं पाडणारं औषध बनवायला घेते. मेली म्हणून काळी नाही झाली, काका. लढता लढता झाली."

काकांनी बशी जवळ ओढली. आठ वर्षं ते अशा काळ्या अळ्या चिमट्यानं उचलून, नाक मुरडून पिशवीत टाकत आले होते.

"हे आधी कुणी सांगितलं नाही," ते म्हणाले.

"तुम्ही विचारलं नाहीत."

"तेही खरं. पण कसं आहे ताई, सशांच्या वेळी न विचारता सांगायचे."

दोन दिवसांनी सरांनी निर्णय दिला. काकांच्या अळ्यांवर भरवसा नाही. एका कंपनीकडून वाढवलेल्या अळ्या कुरिअरने मागवायच्या. त्या चालल्या की अळ्यांची खोली बंद. तिथे मोडक्या खुर्च्या ठेवायच्या. काकांनी आवक-जावक टेबलावर बसायचं.

"तिथे तुम्हाला पंखा आहे, काका," सर समजूत घालत म्हणाले. ते दुष्ट नव्हते. त्यांच्या खुर्च्या खरंच मोडल्या होत्या.

"अळ्यांच्या खोलीत पंखा चालत नाही, सर. ऊब लागते."

"पण तुम्ही अळी नाही ना."

या वाक्याची काकांना घरी जाईपर्यंत रुखरुख लागून राहिली.

घरी त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. तिने भाजी चिरता चिरता फक्त एकच मुद्दा पकडला.

"चाखून घेता?"

"काय?"

"मध. त्या अळ्यांसाठी चाखून घेता?"

"अगं, कामाचा भाग आहे तो."

"गेल्या हिवाळ्यात मी तीन आठवडे खोकत होते. चमचाभर तरी आणलात का?"

"तो सरकारी मध आहे."

"आणि खोकला खाजगी होता, नाही का!"

काकांनी विषय बदलायचा प्रयत्न केला, पण खोली बंद झाली तर आवक-जावकवर बसावं लागेल, याशिवाय दुसरा विषय त्यांच्याकडे नव्हता. बायकोने विळी बाजूला ठेवली आणि जरा मऊ आवाजात विचारलं, "अहो, पण तुमच्या अळ्या मरत नाहीत हे चांगलंच आहे की."

"मलाही तसंच वाटतं. पण तसं वाटणं चूक आहे, असं सगळ्यांचं म्हणणं आहे."

पुढच्या आठवड्यात खोकं आलं. खोक्यावर बाण काढून 'ही बाजू वर' असं लिहिलं होतं आणि ती बाजू अर्थातच खाली होती. अळ्या तीन दिवस प्रवासात होत्या. पोहोचल्याची सही काकांनीच केली, कारण सही करायला दुसरं कुणी जागेवर नव्हतं. झाकण उघडून त्यांनी आत पाहिलं. मनात नव्हतं, तरी तोंडातून निघून गेलंच, "पोरी चांगल्या आहेत."

दुसऱ्या दिवशी ताईंनी तीस अळ्यांना जिवाणू टोचला. त्यापुढचे दोन दिवस काकांनी बरण्या पुसण्यात घालवले. एकेक बरणी दोनदा पुसून झाली. तिसऱ्या दिवशी सकाळी ताईंच्या खोलीतून एक विचित्र आवाज आला. काका धावत गेले. ताई टेबलावर डोकं ठेवून हसत होत्या, किंवा रडत होत्या. नक्की काय ते त्यांनाही ठरवता येत नव्हतं.

"अठ्ठावीस," त्या म्हणाल्या.

"मेल्या?"

"जगल्या!"

सर आले. त्यांनी मोजल्या. मग काकांकडे संशयानं पाहिलं. "तुम्ही यांनाही मध घातलात?"

"हात लावला नाही, सर. सही केली तेवढी."

काकांना आतून जे गुदगुल्या झाल्यासारखं वाटत होतं, ते चेहऱ्यावर येऊ नये म्हणून त्यांनी भिंतीवरचं आग विझवण्याच्या नळकांड्याचं माहितीपत्रक पूर्ण वाचून काढलं.

कोडं मात्र सुटलं नव्हतं, आणि खोलीचा निकालही लागला नव्हता. सर दुसऱ्या कंपनीला पत्र पाठवायच्या तयारीत होते.

कोडं सुटलं ते रविवारी संध्याकाळी. बायको बहिणीकडे जाऊन दीड तासाच्या बसने परत आली. त्या बसला स्प्रिंगा नावापुरत्या होत्या आणि रस्त्याचं कर्ज फेडायचं असल्यासारखी ती एकही खड्डा चुकवत नसे. बायको आत आली ती बोलतच. चपला दारात कुणी आडव्या ठेवल्या, दूध का तापवलं नाही, शेजारणीने जिन्यात काय टाकलंय. एवढ्यात मीटर वाचणारा माणूस आला आणि चुकीच्या घराचं बिल पुढे करू लागला. बायकोने त्याला दोन मिनिटांत असा उभा-आडवा घेतला की तो स्वतःचं पेन तिथेच विसरून पळाला.

काका पेन हातात घेऊन उभे राहिले. बसमधून उतरलेल्या बायकोच्या वाटेला पहिला तासभर जायचं नाही, हे घरातल्या सगळ्यांना तीस वर्षांपासून ठाऊक होतं. एरवी ती मीटरवाल्याला पाणीही विचारायची. पण दीड तास आदळून आली की तिच्यातला प्रत्येक शिपाई जागा होऊन दारावर उभा असायचा. मग समोर चोर असो की मीटरवाला.

"अगं," काका हळूच म्हणाले, "बसमध्ये फार हादरे बसले का?"

"हाडं खिळखिळी झालीत माझी! का?"

"काही नाही. बस तू. मी दूध तापवतो."

सोमवारी ऑफिस उघडायच्या आधी काका आपलं रजिस्टर घेऊन बसले. दोन महिन्यांपूर्वी ताईंच्या मजल्यावरचं, टोचलेल्या अळ्या उबेत ठेवायचं गरम कपाट बिघडलं होतं. तेव्हापासून प्रयोग पलीकडच्या इमारतीत चालत. मधल्या अंगणात पाइप टाकायला खणून ठेवलं होतं आणि वर तात्पुरते दगड पसरले होते. काका रोज अळ्यांचा डबा ट्रॉलीवर ठेवून त्या दगडांवरून खडखडत न्यायचे. ट्रॉलीचं पुढचं एक चाक झिजून चौकोनी व्हायच्या बेतात होतं. फक्त एक आठवडा असा होता की ट्रॉली दुरुस्तीला गेली होती आणि काकांनी डबे कडेवर नेले होते. त्यांनी बोटानं ओळ शोधली. त्या आठवड्यातल्या औषध न घेतलेल्या तीसपैकी तीस मेल्या होत्या.

ते थेट सरांच्या खोलीत गेले.

"सर, कारण सापडलं. यांना हादरे बसलेत."

"मानसिक?"

"नाही. रस्त्याचे."

सरांनी पेन खाली ठेवलं. "काका, तुमचं म्हणणं असं की अळी ट्रॉलीत बसून आली, म्हणून तिला जिवाणू लागत नाही?"

"बसून नाही सर, आडवी."

"काका!"

"आदळआपट झाली की तिला वाटतं, काहीतरी संकट आलं. ताईंनी सांगितलेल्या त्या पेशी लगेच गोळा होतात, चरबी औषध बनवायला घेते. दुसऱ्या दिवशी ताई सुई घेऊन येतात तेव्हा आत सगळे कामावर हजर असतात. कंपनीच्या पोरी तर तीन दिवस उलट्या खोक्यातून आल्या. त्यांना कोण मारणार?"

ताई दारात उभ्या होत्या. त्या एकदम म्हणाल्या, "सर, हे होऊ शकतं. हलवलेल्या अळ्यांच्या पाण्यात पेशी वाढतात, असं मी वाचलंय. मला सुचलंच नाही."

सर खुर्चीत मागे रेलले. ती खुर्चीही मोडकीच असल्यामुळे ते लगेच पुढे आले. "ठीक आहे. एक प्रयोग. एकाच बरणीतल्या साठ अळ्या. तीस ट्रॉलीवर, तीस हातात. हातातल्या मेल्या नाहीत तर खोली शुक्रवारी रिकामी."

"मरतील," काका छातीठोकपणे म्हणाले.

बाहेर आल्यावर ते जिन्यात थांबले. आपण आत्ता कशाची हमी दिली, हे त्यांच्या नीट लक्षात आलं ते तिथे.

त्यांनी सहाव्या बरणीतल्या अळ्या निवडल्या. सगळ्यात चांगल्या त्याच होत्या. निकालानंतर कुणी बोट दाखवायला नको. तीस ट्रॉलीवर ठेवून त्यांनी नेहमीसारखं अंगण पार केलं. ट्रॉली इतकी वाजली की खिडकीतून दोघांनी डोकावून पाहिलं. मग ते परत आले आणि दुसरा डबा दोन्ही हातांत घेतला. दगडांवर आधी टाच टेकवायची, मग चवडा. काठोकाठ भरलेलं भांडं न्यावं तसे ते चालले. गेटवरच्या रखवालदाराला राहवलं नाही.

"काका, बॉम्ब आहे का काय?"

"हळू बोल. आवाजानंही जाग येते."

रखवालदार खरंच हळू बोलू लागला. पुढचा अर्धा तास त्याने येणाऱ्याजाणाऱ्यांना कुजबुजत ओळखपत्रं मागितली.

मंगळवारी ताईंनी साठही जणींना सारख्याच मापाचा जिवाणू टोचला. कुठल्या बशीत कुठल्या, हे फक्त सरांना माहीत होतं. तसा त्यांचाच आग्रह होता. बुधवारी सकाळी एका बशीत नऊ काळ्या होत्या. संध्याकाळपर्यंत बावीस. काका दर दोन तासांनी येऊन काचेतून पाहत. मानेजवळ आधी एक ठिपका उठायचा. मग पाठीवर रेघ. मग दोन्ही कडांनी रंग चढत जायचा. आता त्या ठिपक्यात काय चाललं असेल हे त्यांना दिसत असल्यासारखं वाटे आणि नकळत त्यांच्या मुठी वळत. शेजारच्या बशीत बहुतेक सगळ्या नेहमीसारख्या हिंडत होत्या.

गुरुवारी सकाळी सरांनी खिशातून चिठ्ठी काढली. पहिली बशी हातातली. तीसपैकी तीस काळ्या. दुसरी बशी ट्रॉलीवरची. चार मेल्या, सव्वीस जिवंत. सरांनी दोन्ही बशा दोनदा मोजल्या. तिसऱ्यांदा मोजायला घेतल्या आणि मध्येच थांबले.

"काका," ते म्हणाले, "ते रजिस्टर जरा बघू."

काकांनी दिलं. सरांनी चार-पाच पानं उलटली. उभ्या-उभ्याच वाचता वाचता ते स्टुलावर बसले. आठ वर्षांच्या बरण्या, वार, तापमान, 'आज ट्रॉली नाही', 'आज पाऊस, डबा पदराखाली' — पदर बायकोच्या जुन्या साडीचा होता, खुलासा कंसात दिलेला होता.

"खुर्च्यांना दुसरी जागा बघतो," सर म्हणाले. "आणि यापुढे अळ्या हातात न्यायच्या. नवीन माणूस आला तर त्याला चालायला तुम्ही शिकवा."

"शिकवतो, सर. टाचेपासून सुरुवात करावी लागेल."

ताईंनी काकांचा हात धरून जोरात हलवला. मग दचकून सोडला. "सॉरी काका, हादरा बसला."

"बसू दे. आठवडाभर सर्दी होणार नाही."

सर गेले. टेबलावर दोन बशा राहिल्या. काळ्या तीस जणींना आणि दुसऱ्या बशीतल्या चार मेलेल्यांना काकांनी चिमट्यानं एकेक करून उचललं आणि पिशवीत ठेवलं. नाक मुरडलं नाही. दुसऱ्या बशीकडे ताईंनी हात नेला आणि थांबल्या. ज्यांच्या अंगात एकदा जिवाणू गेला, त्या जिंकल्या तरी जिवंत ठेवता येत नाहीत. नियम होता आणि बरोबरच होता. त्यांना फ्रीजरमध्ये ठेवायचं.

"मी ठेवते, काका. तुम्ही राहू द्या."

"नको. माझ्या आहेत त्या."

त्यांनी सव्वीसही पुन्हा मोजल्या. एक कडेवर चढत होती, तिला बोटानं आत घेतलं. ती चिडली. झाकण लावलं. रजिस्टरात उरलेल्या अळ्यांच्या रकान्यात इतकी वर्षं ते 'नष्ट' असा एकच शब्द लिहीत. आज त्यांनी 'जिवंत, सव्वीस' असं लिहिलं, वेळ घातली, खाली सही केली. मग बशी फ्रीजरच्या सगळ्यात वरच्या कप्प्यात ठेवली आणि दार लोटलं.

ताई पर्स घेऊन दारात थांबल्या होत्या. "चला काका, चहा माझ्याकडून."

"तुम्ही व्हा पुढे, ताई. यांना शांत व्हायला थोडा वेळ लागतो."

ताई गेल्या. फ्रीजरच्या दारावर तळहात टेकून काका उभे राहिले. आत मोटर घरघरत होती आणि दार बारीक थरथरत होतं. काकांनी तळहात जरा जोरात दाबला, तेव्हा ते थरथरायचं थांबलं.